जुन्या छापाचा भाव

तिसावी नोट भिंगाखालून काढून रत्नाकर म्हणाला, "काकू, सगळ्या असली आहेत."

अंबिकाकाकूंचा जीव भांड्यात पडला. शंभर डॉलरच्या त्या जुन्या छापाच्या नोटा म्हणजे त्यांचे यजमान विश्वेश्वरशास्त्री यांच्याकडे वेदपठण शिकून गेलेल्या परदेशी शिष्यांची वीस वर्षांची दक्षिणा. आता शास्त्रीबुवा हृदयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होते आणि तिथं अडीच लाख भरायचे होते.

"पण भाव डॉलरला सत्तरचाच देता येईल."

पेपरात पंच्याऐंशी होता. काकूंनी तसं म्हटलंही. रत्नाकरनं खालमानेनं समजावलं. जुन्या छापात खोट्या नोटा घुसल्याची खबर काशीत दुर्गाघाटापासून संकठा घाटापर्यंत पसरली होती. सापडल्या कुणाकडे, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण धसका सगळ्यांनी घेतला होता. आज खऱ्या नोटाही पुढं खपतील याची खात्री नाही, आणि ती जोखीम भावातूनच कापावी लागते.

काकू गल्लीतल्या चलनबदलाच्या दुसऱ्या दोन दुकानांत आधीच जाऊन आल्या होत्या. त्यातल्या मोहननं तर नोटा हातातसुद्धा घेतल्या नव्हत्या.

"दे," त्या म्हणाल्या.

चाळीस हजार कमी पडले. पाटल्या विकून ते उभे करेपर्यंत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी ऑपरेशन ठरलं, आणि त्याच पहाटे शास्त्रीबुवा गेले. रत्नाकर मणिकर्णिकेपर्यंत खांदा द्यायला होता.

तेरावं उरकल्यावर काकू मुद्दाम दुकानात आल्या. त्यानं उठून त्यांच्या पायांना हात लावला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," काकू म्हणाल्या. "बाकीच्यांनी दारातूनच परत पाठवलं. तू निदान घेतल्यास तरी."

त्या गेल्यावर तो शटर अर्धं ओढून चहाच्या टपरीवर गेला. मोहन तिथंच होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मोहन युरो अठ्ठ्याण्णवला घेत होता, आणि रोज दोनचार गिऱ्हाइकं येत होती. रत्नाकरच्या दुकानात महिनाभरात एकही युरो आला नव्हता.

त्यानं कुल्हड खाली ठेवला.

"युरो जरा सांभाळून घे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "खोट्या नोटा आल्यात."

मोहनचा चेहरा उतरला. त्यानं रत्नाकरच्या हातावर हात ठेवला.

"तू आहेस म्हणून वाचतो बघ. डॉलरचंही सगळ्यांत आधी तूच सांगितलं होतंस."