एकशे दोनची तलवार

मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपनीत तो शस्त्रांचं काम बघायचा. सकाळी साहेबांनी फर्मान सोडलं, "नवी तलवार हवी, दुप्पट किमतीची!" त्याने जुन्याच तलवारीची मूठ लाल केली, ताकद शंभरवरून एकशे दोन केली आणि चहा गार व्हायच्या आत काम उरकलं. "हिला गिऱ्हाईक मिळेल? एवढं बिनडोक कोण असतं?" असं म्हणून तो पोट धरून हसला.

संध्याकाळी, त्याच्याबरोबर रोज हाच गेम खेळणारा मेव्हणा मोबाइल नाचवत घरी आला. "दाजी, बघा, एकशे दोन! तुम्ही बसा तुमची शंभरची कुरवाळत."

 

दुसऱ्या दिवशी कुणी न सांगताच त्याने एकशे तीनची तलवार बनवली, आणि साहेबांनी लावलेली तिप्पट किंमत मोजून सगळ्यांच्या आधी स्वतःच विकत घेतली.