समुद्राकडचा तट

किल्ल्याच्या समुद्राकडच्या तटाला ठेकेदाराने चुन्याऐवजी सिमेंट थापलं, तेव्हाच देखभाल पाहणाऱ्या बाईंनी साहेबांना लेखी कळवलं होतं, “खारं पाणी आत कोंडून तट ढासळेल. पर्यटकांना तिकडे सोडू नका.” एकदा नाही, सात पत्रं लिहिली. साहेबांनी हूं की चूं केलं नाही.

रविवारी तट कोसळला आणि नातवंडांना किल्ला दाखवायला आलेल्या एका आजोबांचा पाय गेला.

चौकशीला बसले तेच साहेब! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातही पत्रांच्या प्रती त्यांनी टेबलावर आपटल्या. “आता तरी वाचा!”

साहेबांनी त्या सावकाश वाचल्या.



“बरं झालं, बाई. तट पडणार हे आधीपासून कुणाला ठाऊक होतं, तेच आम्ही शोधत होतो,” असं म्हणत त्यांनी निलंबनाच्या आदेशात बाईंचं नाव भरलं.