ठणठणीत ससे

“मामा, हे तिसरं झाड,” मॅडम कुंडीकडे बघत म्हणाल्या. “सशांवर एवढी माया करता, याच्याकडेही जरा लक्ष द्या की.”

पानांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी पडली होती. प्रयोगशाळेतले ससे सांभाळणाऱ्या मामांनी मान खाली घातली. आपल्या हाताला झाडं लागत नाहीत, म्हणाले.

ससे मात्र दृष्ट लागावी असे होते. मामा रोज सकाळी मॅडमकडून नव्या औषधाची बाटली घेत, सशांच्या खोलीचं दार आतून लावत आणि रिकामी बाटली परत आणून देत. औषध पाजताना ससे बिथरतात, दार लावलेलं बरं.

औषध अर्धशिशीवरचं होतं. याआधीच्या औषधानं पिंजऱ्यांची अख्खी रांग आडवी केली होती. या वेळी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. उलट एक जण इतका सुटला, की त्याला पिंजऱ्यातून काढायला दोघं लागायचे. मॅडमनी त्याचा फोटो टेबलावर ठेवला. नवऱ्याच्या फोटोपुढे.

घरी मामांची लेक डोक्याला ओला रुमाल बांधून पडलेली असे. अर्धशिशी तिचीही पाठ सोडत नव्हती, पण गोळी घ्यायची नाही म्हणजे नाही. मामा जेवायला बसले की ती आपलं ताट उचलून खिडकीशी जायची.

“आज किती मारले, बाबा?”

“एकही नाही गं.”

“त्यांना कुणी विचारलं होतं का? माणसांचं दुखणं, तर माणसांवर करा ना प्रयोग. विचारून करा.”

“अगं, खरंच एकही नाही. हवं तर येऊन बघ.”

ती आली. त्या जाड्या सशाला मांडीवर घेऊन बसली. मॅडमशी बराच वेळ बोलली. त्या संध्याकाळी तिनं आपलं ताट मामांच्या समोर मांडलं. मामा अर्ध्या जेवणावरून उठले.

“तुमचं काम झालं, मामा,” मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “आता पुढचं पुढे.”

पुढे काय, ते मामांनी विचारलं नाही.

काही दिवसांनी मामा घरी आले, तर लेक दारातच उभी. डोक्याला रुमाल नव्हता.

“रागावू नका. मॅडमना माणसं हवी होती, मी नाव दिलं. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. याला म्हणतात रीत! तुम्ही अडवलं असतंत, म्हणून बोलले नाही. तीन-चार दिवस घेतेय. डोकं कसं हलकं झालंय!”

मामांनी तिचा हात धरला. उजेडात नेला.

“काय बघताय? बोटांची टोकं जरा काळी पडलीत, एवढंच. जाईल ते.” ती हसली. “ससे ठणठणीत होते ना?”

ससे ठणठणीत होते. त्यांच्या वाटचं औषध मामा रोज कुंडीत ओतत आले होते.