बारीक कूट

दुसरा चमचा सापडत नव्हता. एक होता, स्टोव्हमागच्या कोनाड्यात, आईच्या ठरलेल्या जागी, मानेपाशी वाकलेला. चारुशीलाने शेवटी जेवणाचाच एक चमचा काढला. वाकड्या चमच्यात लाल गोळी ठेवली आणि वरून दुसऱ्याने दाबली. गोळी टणकन उडाली आणि कपाटाखाली गेली.

"गेली," नत्थूजी खाटेवरून म्हणाले. "तुह्या आईच्या हातून कधी उडाली नाही."

"आईच्या हातून काहीच नाही उडालं बाबा. मले शिकू तरी द्या."

आई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी काल झाला होता. दुपारच्या एस.टी.ने चारुशीलाला अमरावतीला परतायचं होतं. ती शिकवायची ती शाळा सुरू झाली होती. सकाळी तिने आपल्या बॅगेशेजारी बाबांचीही पिशवी भरली होती. आंघोळ करून आली तर बाबांचे सदरे पुन्हा खुंटीवर. तिने पुन्हा भरले. ते पुन्हा खुंटीवर गेले.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ब्लडप्रेशरची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका. आणि आई गेल्यापासून डबीतली एकही गोळी कमी झाली नव्हती. विचारलं की बाबांचं एकच उत्तर, "उतरत नाही."

नत्थूजींच्या घशाखाली गोळी उतरत नाही, हे सगळ्या इंदोरा वस्तीला माहीत होतं. त्यात गंमत अशी की, त्यांची सारी नोकरी हिंगण्याच्या गोळ्यांच्या कारखान्यात गेली. तांब्याची मोठी कढई तिथे गरगर फिरायची. आत गोळ्या, वरून नत्थूजी साखरेचा पाक सोडायचे, इलायचीदाण्यांवर चढवतात तसा. औषध कितीही कडू असो, जिभेला पत्ता लागू नये म्हणून. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की अंगाला गोड वास यायचा. शेजारच्या कांताबाई ओट्यावरून ओरडायच्या, "साऱ्या दुनियेले गोळ्या खाऊ घालता भाऊजी, अन् सोताले एक गिळता येत नाही!" नत्थूजी हसायचे आणि घरात जायचे. घरात आई चमचे घेऊन बसलेली असायची.

याची सुरुवात आजी सांगायची. नवं लग्न. दोन खोल्या आणि घरभर माणसं. सासूसमोर सुनेने नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. दिवसा बाहेरच्या खोलीत यायचं तर काहीतरी काम हवं. तशात नत्थूजींना हिवताप आला. क्विनाइनची गोळी काही केल्या गिळेनात. शेवटी आजीच म्हणाली, "सुभद्रे, कुटून दे वं त्याले." आई डोक्यावर पदर घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसली आणि कुटू लागली. बराच वेळ झाला. आजी आतून ओरडली, "गोळी कुटून राहिली का जवारी दळून राहिली?" आईने मान वर केली नाही. ती कुटतच राहिली. हे सांगताना आजी हसून हसून डोळे पुसायची.

पुढे आजी गेली, खोल्या मोकळ्या झाल्या. डोकं दुखो की ताप येवो, कुटणं मात्र चालूच राहिलं.

चारुशीलाची दुसरी गोळी फुटली. वरचं लाल कवच खपल्यांसारखं सुटलं, आत पांढरं पीठ निघालं. तिने बोटाला लागलेलं चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. पाणी प्यायली तरी कडूपणा जाईना.

"बाबा, हे असं रोज खात होते तुम्ही?"

"हो."

"मग चला माह्यासंगं. मी देईन रोज कुटून. इथं कोण देईल?"

"तुले शाळा हाय."

"शाळेच्या आधी देईन."

नत्थूजींनी तिच्या हातातला चमचा पाहिला. भुकटीत खडेच खडे होते. "घाईघाईत कुटशील तू," ते म्हणाले.

मग ते उठले. कोनाड्यातली डबी काढली. एक अख्खी गोळी जिभेवर ठेवली, वर गडव्यातलं पाणी ओतलं आणि गिळली. ना ठसका, ना घोट अडला. लहान मुलासारखं तोंड उघडून त्यांनी तिला दाखवलं.

"झालं? मी राहतो इथं. आता तुही एस.टी. पाहा."

चारुशीला हातात भुकटीचा चमचा घेऊन तशीच बसून राहिली.

"उतरते तुम्हाले."

"हो."

"कधीपासून?"

नत्थूजी खुंटीवरच्या सदऱ्यांकडे बघत राहिले. "पहिल्यापासूनच."

तिला हसू आलं आणि रागही आला. "म्हणजे आईले जन्मभर फसवलं तुम्ही!"

नत्थूजींनी तिच्या हातातून वाकडा चमचा घेतला. भुकटी खिडकीबाहेर झटकली. सदऱ्याच्या टोकाने चमचा पुसला आणि पुन्हा कोनाड्यात, जिथला तिथे ठेवला.

"ते कुठची फसते? तिले पहिल्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तं एवढं बारीक कुटे."