बंद खोलीतलं रडणं

"वेडीच होती ती नायिका!" विभावहिनींनी कादंबरी टीपॉयवर आपटली. "बंगल्यात तान्हं मूल नाही, आणि हिला बंद खोलीतून रडणं ऐकू येतंय!"

वाचनकट्ट्यातल्या सगळ्या हसल्या. मी मात्र पुन्हा उठून आतल्या खोलीत डोकावून आले. माझी लेक शांत झोपली होती.

"अगं, किती वेळा उठशील? रडली की कळेलच की!"

तेच तर कळत नव्हतं. इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "वहिनी, मलाही ऐकू येतं. धावत जाते, तर ही गाढ झोपेत. मला वेडबिड लागलंय का हो?"

विभावहिनींनी माझा हात धरला. "एवढंच होय! माझी दोघं लहान होती तेव्हा नळ सोडला, की मला हमखास रडणं ऐकू यायचं."

"मला मिक्सर लावला की!" शेजारची म्हणाली. मीही हसले, डोळे पुसत.

कोपऱ्यात साठी उलटलेल्या कुंदाताई बसल्या होत्या. त्यांना मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"आणि ते थांबतं कधी गं?"