जिन्यातली हाक

पिंपळवंडीची चिमाबाई लेकाच्या मंचरच्या फ्लॅटवर येऊन आठ महिने झाले, पण समोरच्या दारामागचं तोंड काही तिला दिसलं नव्हतं. त्या दुपारी लेक-सून कामावर गेलेले, आणि म्हातारा सावळेराम बाथरूममध्ये घसरून पडला तो उठेचना. एकटीच्यानं उचलवेना, लेकाचा फोन लागेना. चिमाबाईनं समोरची बेल दाबली.

"अवो ताई, दार उघडा, आमचं मालक पडल्यात!"

आतून टीव्हीच्याही वरचा आवाज आला, "मावशी, आज काही घ्यायचं नाही!"

तिनं दुसरं दार वाजवलं, तिसरं वाजवलं. कुणी उघडेना. तेव्हा तिला गावाकडची एक हाक आठवली. ती कानावर पडली की भरल्या ताटावरची माणसंसुद्धा काठ्या घेऊन धावत यायची. जिन्यात उभं राहून तिनं बेंबीच्या देठापासून तीच हाक दिली.

"बिबट्या आलाय, धावा रं!"

चारी मजल्यांवर खटाखट वरच्या कड्याही लागल्या.



मग समोरच्या दाराआडून, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, कुणीतरी तिच्याशी काळजीनं बोललं, "मावशी, आत जा आणि दार लावून घ्या!"