लीलाधरची तबकडी

मुंबईला गेलेल्या लीलाधरनं स्वतः बांधलेली गत गिटारवर वाजवली आणि तिची तबकडी निघाली. ती ऐकायला वरणगावात पितांबर नानांच्या ओसरीवर अख्खी आळी जमली. लीलाधरचे वडील, शालिग्राम भाऊ, ग्रामोफोनला खेटून बसले.

सूर सुरू झाले. "गानं कव्हा लागीन?" मागून कुणीतरी विचारलं.

"हेच गानं हाये," भाऊ म्हणाले.

एकेक सूर सावकाश, नीट पाऊल टाकत येत होता. कसलीच घाई नव्हती त्याला. भाऊंची मान हळूहळू डोलायला लागली, आणि तेवढ्यात गिटार मध्येच थांबली. उरली नुसती पिनेची खरखर.

"सरलं वाटते," म्हणत नानांनी पिन उचलायला हात पुढं केला. भाऊंनी तो मनगटाशीच धरला.

"थांबा नाना. पुरं बोलू द्या त्याले."

आणि त्या खरखरीतून एक तार हळूच बोलली, तिच्यामागून दुसरी. मग गत अशी काही भरून आली की मघाशी गाणं मागणारासुद्धा पुढं सरकून बसला.

तबकडी संपल्यावर नानांनी विचारलं, "भाऊ, पुढं हाये हे तुम्हाले कसं कयलं?"

"मले कुठी कयलं होतं?" भाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले. "लहानपनापासून बोलतानी अडखयते तो. दर टायमाले त्याचं वाक्य मीच पुरं करत आलो. आज म्हटलं, थांबून पाहू."